विश्लेषण : पांदणीवरच्या दुचाकीला जादा दिवे झेपतात का?

रब्बीच्या ओलितासाठी रात्री शेत गाठणारा शेतकरी असो की चिखलदऱ्याच्या घाटात डर्ट बाइक घेऊन जाणारा तरुण, कंपनीचा हेडलाइट दोघांनाही अपुरा वाटतो. मग एलईडीची जोडी लावली जाते आणि काही दिवसांत गाडी सेल्फ घेईनाशी होते. दुचाकीत वीज तयार किती होते, ती कुठे खर्च होते आणि त्यातून किती दिवे चालतात, याचा हिशेब आधी मांडला तर ही वेळ टाळता येते.

जादा दिव्यांची गरज का पडते?

अमरावती जिल्ह्यात वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूरचा संत्रापट्टा आहे. अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हाऱ्याकडे कपाशी, केळी आणि रब्बीत गहू-हरभरा. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. रात्रीची पाळी आली की ओलितही रात्रीच. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. मात्र जिथे रात्रीची पाळी आहे, तिथे मोटार सुरू करायला किंवा दांडाला पाणी फिरवायला दुचाकी काढावीच लागते.

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावर साधा हेडलाइटही पुरतो. अडचण सुरू होते ती महामार्ग सोडून पांदणीला लागल्यावर. ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, पाणी साचलेली काळी माती आणि मध्येच आडवे येणारे रानडुक्कर किंवा रोही. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याचीही धास्ती.

पांदणीवर नेमका किती लांबचा उजेड लागतो?

दिवे घेताना बहुतेक जण झोत किती लांब जातो हे पाहतात. प्रत्यक्षात गरज वेगावर ठरते. ताशी ३० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला ८ मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. समोरचे दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर साधारण १२ मीटर तिथेच संपतात. मातीवर ब्रेक डांबरापेक्षा कमी धरतो, म्हणून थांबायला आणखी ९-१० मीटर धरावेत. एकूण २०-२२ मीटर. ताशी ५० किलोमीटरला हेच अंतर ४५ मीटरच्या आसपास जाते.

म्हणजे पांदणीच्या वेगाला २५ मीटरपर्यंतचा, पण दोन्ही कडेला पसरणारा उजेड कामाचा. दोनशे मीटरवरचे झाड उजळणारा अरुंद झोत तिथे फारसा उपयोगाचा नाही, कारण वळणावर तो धुऱ्यावर पडतो आणि चाकोरी अंधारात राहते. रुंद उजेडाला वॅटही कमी लागतात.

दुचाकीत वीज येते कुठून?

इंजिनच्या बाजूच्या कव्हरमध्ये तांब्याच्या तारांची कॉइल असते. तिला स्टेटर म्हणतात, गॅरेजच्या भाषेत मॅग्नेट कॉइल. इंजिन फिरले की तिच्याभोवती चुंबक फिरतो आणि एसी वीज तयार होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट, तिची डीसी करून व्होल्टेज साधारण १४ वर धरून ठेवते. त्यावर दिवे, हॉर्न, इग्निशन चालते आणि उरलेल्या विजेवर बॅटरी चार्ज होते.

विहिरीची उपमा द्यायची तर मॅग्नेट कॉइल हा झरा आणि बॅटरी ही टाकी. झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला की टाकी उतरू लागते. टाकी मोठी बसवली तर ती उशिरा रिकामी होते इतकेच; झरा वाढत नाही. म्हणूनच जादा दिव्यांसाठी फक्त मोठी बॅटरी टाकणे हा उपाय अर्धवट ठरतो.

अनेक दुचाकींतील आरआर युनिट न वापरलेली वीज उष्णतेत घालवते. चालत्या गाडीत ते गरम लागते त्यामागे हे कारण आहे. कॉइलच्या क्षमतेत बसेल इतका भार वाढवला तर इंजिनवर जाणवण्याजोगा ताण येत नाही. प्रश्न क्षमता ओलांडल्यावरच येतो.

विजेचा हिशेब कसा मांडायचा?

सूत्र शाळेतलेच : वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. दिव्यांचे वॅट गाडीच्या पुस्तिकेत आणि बल्बवर लिहिलेले असतात. १०० सीसी गटातील अनेक गाड्यांत ३५/३५ वॅटचा हॅलोजन हेडलाइट, ५/१० वॅटचा टेल-ब्रेक दिवा आणि १० वॅटचे इंडिकेटर असतात.

उदाहरणासाठी एक गाडी धरू. समजा तिची कॉइल मध्यम रेसला ११० वॅट आणि स्लोवर ६५ वॅट देते. (प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.) सतत चालू असणारा खर्च असा :

- हेडलाइट : ३५ वॅट
- टेल दिवा : ५ वॅट
- मीटरमधील दिवे : ३ वॅट
- इग्निशन, ईसीयू, पेट्रोल पंप व इंजेक्टर मिळून : ३० वॅट (उदाहरणापुरते)
- एकूण : ७३ वॅट

मध्यम रेसला ३७ वॅट उरले. त्यातले १५-१७ वॅट ब्रेक दिवा, इंडिकेटर आणि बॅटरी चार्जिंगसाठी राखून ठेवायला हवेत. हाती राहिले सुमारे २० वॅट. हँडलवर मोबाइल चार्जर असेल तर त्यातलेही १०-१२ वॅट गेले.

आता याच गाडीला प्रत्येकी २० वॅटचे दोन दिवे लावले, तर एकूण खर्च ११३ वॅट होतो. चालत्या गाडीतही तूट आणि बॅटरी चार्ज व्हायला काहीच शिल्लक नाही. प्रत्येकी १० वॅटचे दोन लावले तर हिशेब बसतो.

एक बदल लक्षात घ्यायला हवा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनसोबत आपोआप लागणारा हेडलाइट बंधनकारक झाला. दिवसा तो बंद ठेवून बॅटरी भरून घेण्याची सोय त्यामुळे गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि सेन्सर यांनाही वीज लागते. जुन्या गाडीवर चाललेली दिव्यांची जोडी नव्या गाडीवरही तशीच चालेल, असे त्यामुळे धरता येत नाही.

खरी अडचण कमी वेगात का येते?

कॉइलमधून मिळणारी वीज इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. डांबरी रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ने जाताना ती भरपूर असते, पण तिथे जादा दिव्यांची तेवढी गरज नसते. पांदणीवर चिखलातून, पाय टेकत, ताशी ८-१० च्या वेगाने जाताना इंजिन जेमतेम स्लोच्या वर असते. उजेड सगळ्यात जास्त लागतो त्याच वेळी वीज सगळ्यात कमी असते. कमी विजेच्या गाडीवर दिवे लावण्याची खरी मेख हीच आहे.

वरच्या उदाहरणातील गाडी स्लोवर ६५ वॅट देते आणि खर्च ७३ आहे. म्हणजे जादा दिवे नसतानाही ८ वॅटची तूट. २० वॅटचे दिवे जोडले की तूट २८ वॅट, म्हणजे बॅटरीतून सव्वादोन अँपिअरच्या वर. ४० वॅटचे जोडले तर ४८ वॅट, म्हणजे ४ अँपिअर. दहा मिनिटांची पांदण असेल तर २० वॅटची तूट परतीच्या डांबरी रस्त्यावर भरून निघू शकते. तासभर असेच रखडत जायचे असेल तर नाही.

विहिरीवर इंजिन बंद ठेवून दिवे सुरू ठेवले तर?

सर्वाधिक गाड्या इथे अडकतात. मोटारीच्या पेटीवर उजेड पडावा म्हणून गाडी उभी करून चावी सुरू ठेवली जाते. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी ३ ते ४ अँपिअर-अवरची असते. ४० वॅटचे दिवे आणि टेल दिवा मिळून पावणेचार अँपिअर खेचतात. कागदावर ३ अँपिअर-अवरची बॅटरी ४८ मिनिटे पुरते.

प्रत्यक्षात तेवढीही नाही. बॅटरीवरचा आकडा साधारण दहा तासांत सावकाश वीज काढण्याच्या हिशेबाने दिलेला असतो. एका तासाच्या आत ओढली तर ती त्यापेक्षा बरीच कमी देते, आणि जुनी असेल तर आणखी कमी. शिवाय सेल्फ मारायला शेवटी काही शिल्लक हवे. तेव्हा १५-२० मिनिटांपुढे धोका सुरू झाला असे समजावे.

कार्ब्युरेटरच्या अनेक जुन्या गाड्या बॅटरी उतरली तरी किक मारून सुरू होतात, कारण त्यांचे इग्निशन थेट कॉइलवर चालते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आधी पेट्रोल पंपाला वीज लागते. बॅटरी पूर्ण उतरली तर किक असूनही ती सुरू न होण्याची शक्यता असते आणि कित्येक नव्या गाड्यांना किकच नाही. रात्री दोन वाजता शेतात हे कळण्यापेक्षा पेटीजवळच्या कामासाठी डोक्याला लावायचा चार्जिंगचा टॉर्च वेगळा ठेवणे केव्हाही बरे. तो घरच्या विजेवर चार्ज होतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि गाडीच्या बॅटरीला हात लागत नाही.

आहे तोच हेडलाइट सुधारता येतो का?

बऱ्याचदा येतो आणि तोही जवळपास फुकट. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्के पडले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. गंजलेला कनेक्टर, सैल अर्थिंग, जळके स्विच-पॉइंट यांत हे व्होल्टेज जाते. खारपाणपट्ट्यातला चिकट चिखल आणि प्रेशर पंपाने गाडी धुणे, दोन्हींमुळे जोडांत ओल शिरते. जोड साफ करणे, अर्थिंगची तार चेसिसचा रंग खरवडून घट्ट बसवणे, काळवंडलेला बल्ब बदलणे आणि हेडलाइटची काच पुसून तिची उंची नीट करणे, एवढ्यावरच अनेकांचे काम भागते.

३५ वॅटच्या जागी ६०/५५ किंवा ९०/१०० वॅटचा बल्ब टाकण्याचा मोह मात्र टाळावा. वीज दीडपट ते जवळपास तिप्पट लागते, होल्डर आणि वायर तापतात, रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब टाकला तर वीज वाचते, पण तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार बनवलेला असतो. झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

टेल, ब्रेक आणि इंडिकेटरचे बल्ब चांगल्या दर्जाच्या एलईडीचे केले तर काही वॅट सुटतात. त्यासाठी इंडिकेटरचा फ्लॅशर बदलावा लागू शकतो.

एलईडी घेताना काय पाहावे?

हॅलोजन एका वॅटला साधारण २० ते २५ ल्युमेन उजेड देतो. चांगला एलईडी त्याच्या चौपट देऊ शकतो. म्हणून २० वॅटची एलईडी जोडी ३५ वॅटच्या हॅलोजनपेक्षा जास्त उजेड देते. फक्त खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. मुठीएवढ्या दिव्यावर '१२० वॅट' लिहिलेले असले तरी एवढी उष्णता त्याचे घर बाहेर टाकूच शकत नाही. दुकानातच बॅटरीला जोडून अँपिअर मोजून घ्यावेत. १२ व्होल्टवर दीड अँपिअर म्हणजे १८ वॅट; हिशेबात तोच आकडा धरायचा.

- झोत : पांदणीसाठी रुंद, वरची कड स्पष्ट कापलेला.
- पाणी-धूळ : आयपी ६७ दर्जा असलेला.
- घर : मागे पंख्यांसारख्या पट्ट्या असलेले ॲल्युमिनियमचे, उष्णता बाहेर टाकणारे.
- जागा : हेडलाइटच्या खाली. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात धुके असते. उंचावरचा दिवा धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. खालचा, जमिनीलगत पसरणारा दिवा रस्त्याची कड दाखवतो. पिवळा रंग धुके फाडतो, हा समज मात्र बरोबर नाही. धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळपास सारखेच पसरवतात. फरक पडतो तो दिव्याच्या उंचीने आणि झोताच्या आकाराने.

जोडणी कशी असावी?

हेडलाइटच्या वायरला कट मारून जादा दिवे जोडणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत. बॅटरीच्या प्लसपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज, पुढे रिले आणि तिथून दिवे, ही पद्धत योग्य. रिलेला आदेश देणारी वायर चावीनंतरच्या लाइनवरून घेतली की चावी काढल्यावर दिवे आपोआप बंद होतात. २० वॅटला दीड अँपिअरच्या आसपास लागतात. ३ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे आगीला बोलावणे.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत किंवा घासत नाही ना, हे पाहावे. गाडी गोठ्यात उभी राहत असेल तर उंदरांपासून बचावासाठी वायरवर जाड नळी चढवावी. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू नये.

सगळ्यात कामाचे म्हणजे वेगळे स्विच. चिखलात गाडी स्लोवर आली की जादा दिव्यांतला एक बंद करता आला पाहिजे.

जुन्या गाड्या आणि डर्ट बाइकचे काय?

जुन्या अनेक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट एसी कॉइलवर असतो. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंदावतो, ही त्याची खूण. अशा लाइनवर डीसीचा एलईडी जोडला तर तो फडफडतो किंवा जळतो. त्याला बॅटरीच्या लाइनवर घ्यावे लागते, पण या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा भाग फारच कमी विजेचा असतो. म्हणून काही मेकॅनिक कॉइलची अर्थिंग सोडवून सगळी वीज फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून घेतात. हे काम जाणकाराचेच आहे. जाड तारेने कॉइल पुन्हा भरून घेण्याचा मार्गही आहे. पण आरआर युनिट त्या जोडीचे नसेल तर ते जळते.

हिरोची २०१९ मध्ये आलेली एक्सपल्स २०० ही कच्च्या रस्त्यासाठीची गाडी मुळातच एलईडी हेडलाइट घेऊन आली. अशा गाड्यांत हेडलाइटचा खर्च आधीच आटोक्यात असतो. तरी हिशेब तोच लागू होतो.

केवळ शर्यतीच्या डर्ट बाइकची गोष्ट वेगळी. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या मोटोक्रॉस गाड्यांना हेडलाइटच नसतो. त्यांची कॉइल इग्निशन आणि फ्युएल इंजेक्शनपुरतीच वीज देते, कारण तिथे प्रत्येक ग्रॅम वजन वाचवायचे असते. अशा गाडीवर दिवा हवा असेल तर मार्ग दोनच : स्टेटर बदलणे, किंवा गाडीच्या विजेला हात न लावता स्वतंत्र बॅटरी पॅक बांधणे. ३६ वॅट-अवरचा पॅक १२ वॅटचा दिवा जवळपास तीन तास चालवतो. मात्र दिवे लावले म्हणून ही गाडी रस्त्यावर चालवण्यास पात्र होत नाही. तिची नोंदणीच होत नाही.

कायदा काय सांगतो?

गाडीवर एमएच २७ असो वा एमएच ३०, नियम एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ नुसार पुढचा दिवा समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा खाली झुकलेला हवा. ही कसोटी ८ मीटर अंतरावर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांसाठी आहे. नियम १११ ने पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई आहे.

त्यामुळे पांदणीसाठी लावलेले दिवे डांबरी रस्ता लागताच बंद होणे आवश्यक आहे. समोरून बैलगाडी किंवा पायी चालणारे येत असतील आणि दुचाकीच्या झोताने त्यांचे डोळे दिपले, तर अपघाताची जबाबदारी दिवे लावणाऱ्यावर येऊ शकते. लावण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा केलेली चांगली.

मग करायचे काय?

क्रम असा ठेवता येईल. आधी आहे तो हेडलाइट दुरुस्त करावा. मग मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून तीन आकडे घ्यावेत : इंजिन बंद असताना, स्लोवर सगळे दिवे लावून आणि मध्यम रेसला. चांगली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मध्यम रेसला १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या पुढे जात असेल तर आरआर युनिट बिघडले आहे. आधी ते बदलावे.

नवे दिवे लावल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी. मध्यम रेसला आकडा १३.५ च्या वर राहिला तर दिवे झेपले. स्लोवर तो १२.८ च्या खाली गेला तर तेवढा वेळ गाडी बॅटरी खात आहे, आणि तेवढ्याच वेळासाठी एक दिवा बंद करायचा. मध्यम रेसलाही आकडा १३ च्या खाली राहत असेल तर त्या गाडीला ते दिवे झेपत नाहीत. अशा वेळी मोठी बॅटरी आणण्याऐवजी कमी वॅटचे दिवे आणावेत. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि ही चाचणी दहा मिनिटांची आहे.